गेटपासून हॉलपर्यंत

बाईंनी माझा हात मनगटाला धरून वर केला. बाही कोपराच्या वर सारली आणि मेकअपवाल्या माणसाला म्हणाल्या, "हा रंग. पोरींना एवढाच करा. जास्त काळं केलं तर फोटोत तोंडं दिसत नाहीत."

त्याच्या वाटीत खोबरेल तेलात कालवलेली काजळी होती. त्यात त्याने थोडा गेरू टाकला, बोटाने ढवळलं आणि ते बोट माझ्या दंडावर ओढलं. रेघ उमटली. अजून गेरू टाकला. पुन्हा ओढली. तिसऱ्यांदा रेघ दिसलीच नाही.

"जमला," तो म्हणाला.

मी सहावीत होते. शाळेचं गॅदरिंग होतं, त्यात आदिवासी नाच. रांगेत आम्ही नऊ जणी. आठ जणी बागायतदारांच्या, दुकानदारांच्या, त्यांतली एक सरपंचांची. एकेकीला रंग लागत गेला. हात, पाय, गळा, तोंड. मी शेवटी. माझी पाळी आली तेव्हा मी हात पुढे केला.

"तुला काय करायचाय?" बाई म्हणाल्या. "तुझा घरचाच आहे."

सगळ्या हसल्या. मीही हसले. ठरवून हसले. नाही हसले तर अजून काहीतरी होईल असं वाटलं. काय होईल ते माहीत नव्हतं. भीतीला ते माहीत असावं लागत नाही.

आम्ही कोकणा जमातीचे. सुरगाण्याकडच्या एका पाड्यावरचे. आईबाप दरवर्षी द्राक्षाच्या छाटणीला निफाडकडे यायचे. एका वर्षी सायखेड्याच्या अलीकडे एका बागमालकाने बापाला बारमाही ठेवून घेतलं. बागेच्या कडेला पत्र्याची खोली दिली. म्हणून मी त्या गावातल्या शाळेत गेले. वर्गात माझ्यासारखी मी एकटी.

नाच बसवायला घेतला तेव्हा बाईंनी मला पुढे बोलावलं होतं. म्हणाल्या, "तुमच्यात नाचतात ना? दाखव." मला आनंद झाला होता. मी दोघींना शेजारी घेतलं, त्यांचे हात एकमेकींच्या कमरेला लावले आणि भोपळ्याच्या पावरीच्या सुरावर आमच्या बाया नाचतात तसं वाकून, अर्ध्या गोलात, पाय ओढत नेले. पावरी नव्हती, म्हणून तोंडाने वाजवली.

बाईंनी चार पावलं पाहिली. "हे काय? हे तर चालणं झालं. उड्या मारा. हुर्र हुर्र करा. जंगलातलं वाटलं पाहिजे."

मग आम्ही उड्या मारल्या.

गॅदरिंगच्या दिवशी कमरेला आंब्याची पानं होती आणि हातात वेळूच्या काठ्या, टोकाला चमकीचा कागद. माइकवर कुणीतरी म्हणालं, "आता पाहू या जंगलातले आपले बांधव!" शिट्ट्या वाजल्या. गाणं सुरू झालं. आठ जणींनी उडी मारली. माझे पाय हलले नाहीत. पोटऱ्यांत काहीतरी घट्ट झालं, दगडासारखं. मंडपाच्या मागे, दोरीच्या पलीकडे आई उभी होती. कडेवर माझी धाकटी बहीण. मी आईकडे बघत राहिले. पडद्याआडून बाईंचा आवाज आला, "नाच ना गं! तुझाच नाच आहे!"

दुसऱ्या दिवशी सकाळी भाकरी थापता थापता आईने विचारलं, "त्या कोन व्हत्या गं? पानं नेसलेल्या?"

"आदिवासी," मी म्हणाले.

आईचा हात थांबला.

"कुठल्या?"

मी घागर उचलून पाण्याला निघाले. त्या दिवसापासून एक गोष्ट मी नीट शिकले. लपायला. निफाडच्या पोरी बोलतात तसं बोलायला लागले. पुढे नाशिकला वसतिगृहात आले आणि नाशिकसारखं बोलायला लागले. हाय, नाय सगळं पुसून टाकलं. आडनाव असं आहे की कशातही खपतं. कुणी गाव विचारलं की सांगायचं, नाशिक. मूळ गाव विचारलं की सांगायचं, निफाडकडे. खोटं नव्हतं. खरंही नव्हतं.

आणि मी नाचत नव्हते. पाड्यावर लग्नाला गेले तरी भांडी घासायच्या बाजूला जाऊन बसायची. पावरी वाजायला लागली की पोटऱ्या दगड.

वसतिगृहात शनिवारी एक बाई यायच्या. शैलाताई. पन्नाशीच्या, केस कापलेल्या, पायात साध्या चपला. नाच शिकवायला येतात असं ऐकून मी खोलीतून बाहेरच पडले नाही. तिसऱ्या शनिवारी वॉर्डनने सगळ्यांना हॉलमध्ये आणून उभं केलं. शैलाताई म्हणाल्या, "आज कुणी नाचायचं नाही. भिंतीला पाठ लावा. आता पाहा, तुमचं अंग कुठे भिंतीला टेकत नाही."

माझं काहीच टेकत नव्हतं. टाचा, पाठ, खांदे, काहीच नाही. त्या माझ्याजवळ आल्या, हात न लावता म्हणाल्या, "तू पळायच्या तयारीत उभी आहेस. किती वर्षं?"

मी रडले नाही. पण पुढच्या शनिवारी सगळ्यांच्या आधी जाऊन बसले.

सात वर्षं मी त्यांच्याबरोबर काम केलं. त्या स्टेज करत नसत. त्या म्हणत, माणूस ज्या जागी दिवसभर अंग मोडतो, त्या जागी जाऊन त्याचं अंग त्याला परत द्यायचं. पंचवटीत भाजी बाजारातल्या बायांबरोबर दुपारी, गिऱ्हाईक नसायच्या वेळेला, आम्ही बसायचो. सकाळपासून उकिडवं बसून त्यांचे गुडघे गेलेले. आम्ही गुडघ्यांपासून सुरू करायचो. आधी नुसतं हलणं. मग ताल. मग कुणीतरी आपल्या गावचं गाणं काढायची. मग नाच. दवाखान्यातल्या नर्सेस दात आवळून बसायच्या, म्हणून त्यांचं काम जबड्यापासून. मला हळूहळू कळायला लागलं की प्रत्येकाची भीती अंगात एका जागी राहते. मी ती जागा लांबून ओळखायला शिकले. लोक म्हणायचे, हिला जादू येते.

माझी जागा मला माहीत होती. मी ती कुणाला सांगितली नाही. शैलाताईंनाही मी निफाडकडची म्हणूनच सांगितलं होतं. त्या गेल्या. त्यांना कधीच कळलं नाही.

पुढे एका मोठ्या शाळेत नोकरी लागली. डान्स टीचर. काचेच्या भिंती, लाकडी फरशी, आरशांचा हॉल. मुलं गोड होती. मी त्यांनाही भिंतीला पाठ लावायला सांगायची. पालकांना ते आवडायचं. पण स्टाफरूममध्ये मी नेहमी दाराजवळच्या खुर्चीवर बसायची. गप्पा कधी कुठे वळतील सांगता येत नाही. एकदा कुणाच्या तरी भाचीला मेडिकलला जागा मिळाली नाही. एक शिक्षिका म्हणाल्या, "या आदिवासी कोट्यातल्यांना काही न करता मिळतं. डोकं तरी असतं का?" मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "हो की नाही गं?"

मी मान हलवली. कुठल्या बाजूला, ते मलाही नीट कळलं नाही. पण त्यांचं समाधान झालं.

अशी अकरा वर्षं गेली.

रविवार मी माझ्यासाठी ठेवला होता. सायखेड्याच्या बाजूला एका उपकेंद्रातली नर्स माझ्या ओळखीची. तिने एकदा फोन केला. बागेत काम करणाऱ्या बाया खांदे धरून येतात, गोळ्या किती देऊ, तू येशील का? मी गेले. बाया सुरगाण्याच्या. आमच्यापासून तीन डोंगर पलीकडच्या पाड्यावरच्या. मला उतरल्या उतरल्या कळलं होतं. परत फिरावंसं वाटलं. फिरले नाही.

त्या दिवसांत बागेत विरळणी चालू असते. मांडवाखाली मान वर करून, हात वर धरून घडातले बारके मणी कातरायचे. मग औषधाच्या मगात घड बुडवायचे. सकाळी सातपासून. संध्याकाळी हात खाली आणले की खांदे खाली येत नाहीत. आम्ही खांद्यांपासून सुरुवात केली. मजुरांच्या शेडच्या मागच्या अंगणात, रविवारी अर्ध्या दिवसाची सुट्टी असे तेव्हा. मी शुद्ध बोलायची. त्या मला ताई म्हणायच्या, अहो-जाहो करायच्या. एकच सोडून. भागीबाई. टोळीत सगळ्यांत मोठी. तिने पहिल्या दिवसापासून मला अगं-तुगंच केलं.

पाचव्या रविवारी खांदे झाले आणि बाया आपणहून उभ्या राहिल्या. एकमेकींच्या कमरेला हात. वाकून. अर्धा गोल. पावरी नव्हती. भागीबाईने तोंडाने वाजवली.

मी कडेला उभी होते. कधी रांगेच्या टोकाला लागले, मला कळलं नाही. पाय निघाले. मी अडवायच्या आत निघाले. वीस-पंचवीस वर्षांनी. तीन फेरे झाले असतील.

थांबल्यावर भागीबाईने विचारलं, "तू कुठली गं?"

"नाशिकची."

"तसं नाय. आदीची."

"नाशिकचीच."

"मंग ह्यो पाय कुठं शिकलीस? ह्यो पाय कुनी शिकवीत नाय. आईच्या कडंवर बसून येतो त्यो."

सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. हसत होत्या, चांगलं हसत होत्या. इथे हो म्हणाले तर हे कुठपर्यंत जाईल? नर्सला कळेल. या बागेच्या मालकाला कळेल. त्याचा नातू आमच्याच शाळेत. मग स्टाफरूम. दाराजवळची ती खुर्ची.

"मोबाइलवर पाहून शिकले," मी म्हणाले.

भागीबाईने माझ्या तोंडाकडे पाहिलं. मग म्हणाली, "बेस."

एवढंच.

नोव्हेंबरात शाळेच्या संचालिकांनी मला बोलावलं. मॅडमचा आवाज मऊ. त्यांनी कधी कुणावर आवाज चढवलेला मी ऐकला नाही. तो मऊ आवाज आला की मला जास्त भीती वाटायची. त्यांनी चहा मागवला. मोबाइलवर एक फोटो दाखवला. नर्सने कधीतरी काढून नेटवर टाकलेला. अंगणातला अर्धा गोल. मी टोकाला.

"किती ऑथेंटिक आहे हे! तू सांगितलं नाहीस कधी. यंदा ॲन्युअल डेची थीम आपण 'माती' घेतोय. स्टेजवर आपली मुलं ट्रायबल करतील, ते तू बसव. आणि गेटपासून हॉलपर्यंत दोन्ही बाजूंना तुझ्या या बायका. नाचत राहतील. पाहुणे मधून येतील. रिअल फील येईल."

"नंतर त्या आत बसतील ना, मॅडम? कार्यक्रम बघायला?"

"अगं, खुर्च्या पालकांनाच पुरत नाहीत. त्यांना बाहेर छान जेवण देऊ."

"हो मॅडम," मी म्हणाले.

मला कुणी दम दिला नव्हता. कुणी काही हिसकावणार नव्हतं. तरी मी हो म्हणाले. चहा संपवला आणि थँक यू म्हणून बाहेर आले.

आणि मी कामाला लागले. चाळीस मुलांचा नाच बसवला. उड्या होत्या त्यात. भालेही होते. मीच ठेवले. एका पालकांनी सुचवलं की अंगाला ब्राऊन पेंट लावला तर उठून दिसेल. मी यादीत लिहिलं, बॉडी पेंट. माझ्या अक्षरात.

रविवारी बायांना सांगितलं. त्या ऐकत होत्या. भागीबाई म्हणाली, "म्हंजी आमी नाचायचं, आन ते मधून चालत जायचे?"

"हो."

"थांबायचे नाय?"

"नाही. पाहुणे आहेत. आत कार्यक्रम आहे."

"आमी आत नाय?"

मी म्हणाले, "जागा कमी आहे."

बाया एकमेकींकडे बघायला लागल्या. मग भागीबाई म्हणाली, "तू म्हनतेस त येऊ." त्या रविवारी मी एसटीत बसून घरी आले आणि माझ्या पोटऱ्या दोन दिवस मोकळ्या झाल्या नाहीत. एखाद्याने विश्वास ठेवला की इतकी भीती वाटते, हे मला माहीत नव्हतं.

मॅडमनी मालकाला फोन केला. मालकाने खुशीने बाया सोडल्या. शनिवारी तीनला टेम्पो आला. अकरा जणी. सगळ्या धुतलेल्या साड्या नेसून आल्या होत्या. वॉचमनने टेम्पो मागच्या गेटला घ्यायला लावला. जनरेटरजवळच्या ओट्यावर त्यांना बसवलं. त्यांच्यातली एक, जनी, पोटुशी होती. तिने वॉचमनला संडास कुठे ते विचारलं.

"आतलं वापरायचं नाही. पाहुण्यांसाठी आहे. मागे मोकळं मैदान आहे, तिकडे जा."

मी पाच फुटांवर होते. मी ऐकलं. आणि मी स्पीकरची वायर तपासत असल्यासारखं केलं. स्पीकर आधीच लागलेला होता.

जनी मैदानाकडे गेली. बरोबर भागीबाई गेली, आडोसा धरायला.

चारच्या सुमाराला कानाला हेडसेट लावलेला एक माणूस आला. कार्यक्रमाची सगळी व्यवस्था त्याच्याकडे. त्याने बायांकडे पाहिलं आणि मला बाजूला घेतलं.

"मॅम, या ट्रायबल वाटतच नाहीत."

"म्हणजे?"

"साड्या बघा ना. आपल्या घरच्या मावशींसारख्याच दिसतात. काहीतरी करायला लागेल." त्याने एक खोका उघडला. प्लॅस्टिकच्या पानांच्या माळा. पांढऱ्या रंगाची डबी. ब्रश. "डोक्याला पानं आणि कपाळावर, गालांवर डॉट्स. पंधरा मिनिटांचं काम आहे. तुम्ही करता की माणूस पाठवू?"

"मी करते," मी म्हणाले.

पहिली भागीबाई बसली. माझा ब्रश पाहून तिने तोंड वर केलं आणि डोळे मिटले. असं तोंड वर करून डोळे मिटून माझ्यासमोर कुणी बसलं नव्हतं. मी कपाळावर एक ठिपका लावला. मग दुसरा. हे मी लिहिते आहे, कारण नंतर मला कुणीकुणी सांगितलं की तू शूर आहेस. दोन ठिपके मी लावले.

"अगं," ती डोळे मिटूनच म्हणाली, "ह्ये कशाचं हाय? आपल्या सनाला आमी असं नाय लावत."

"मला म्हाईत हाय," मी म्हणाले.

तोंडून गेलं. आवाज आईचा होता.

भागीबाईने डोळे उघडले.

"तुला कसं म्हाईत?"

ब्रशमधला रंग माझ्या मनगटावर ओघळला. वाटलं, अजूनही काहीतरी सांगता येईल. वाचलं होतं. ऐकलं होतं. मोबाइलवर पाहिलं होतं. मग मी पाड्याचं नाव सांगितलं. आईचं नाव सांगितलं. "मी कोकणाच हाय, भागीबाई."

जनरेटर घुरघुरत होता.

"तवा इचारलं त नाय म्हनलीस."

"भ्याले."

"कुनाला? आमाला?"

मी ब्रश डबीवर ठेवला.

भागीबाईने पदराचं टोक ओलं केलं आणि कपाळ पुसलं. नीट, घासून. मला पुसू दिलं नाही. मग उभी राहिली आणि बाकीच्यांना म्हणाली, "उठा."

मी म्हणाले, "थांबा. मी सांगून येते. तुम्हाला कुणी बोलायला नको."

हॉलच्या दाराशी फुलांची कमान होती. मॅडम तिथे पाहुण्यांचं स्वागत करत होत्या. तिथपर्यंत साठ-सत्तर पावलं असतील. मी आयुष्यभर पावलं मोजून दिली आहेत लोकांना. ती साठ पावलं मला टाकता येईनात. मध्येच थांबून एका कुंडीला धरलं. परत फिरायचं मनात आलं, हेही खरं आहे.

"मॅडम, बाया नाचणार नाहीत."

"का गं? काही कमी पडलं का त्यांना?"

"मी त्यांना आणायलाच नको होतं. आणि आत मुलांचा तो नाच... तोही थांबवू या. पेंट पुसायला सांगते मी."

माझा आवाज इतका कापत होता की शेवटचे शब्द त्यांना ऐकू आले की नाही, कुणास ठाऊक. त्या हसत होत्या, कारण समोरून पाहुणे येत होते.

"तू दमली आहेस. चाळीस मुलं तयार आहेत, पालक आलेत. तुला अचानक काय लागलं एवढं? तू काय त्यांच्यातली आहेस का?"

गमतीने म्हणाल्या होत्या.

"हो," मी म्हणाले.

हसू तसंच राहिलं. डोळे तेवढे बदलले. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. अकरा वर्षं रोज पाहिलेल्या बाईला.

"वाटत नाहीस," त्या म्हणाल्या.

"काय वाटायला पाहिजे होतं, मॅडम?"

एक जोडपं आलं. मॅडम त्यांच्याकडे वळल्या, नमस्कार केला. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "सोमवारी बोलू."

मुलांचा नाच झाला. मी थांबवू शकले नाही. हेडसेटवाल्याने गाणं लावलं, मुलं उड्या मारून आली. टाळ्या बाहेरपर्यंत ऐकू आल्या.

आम्ही तेव्हा निघत होतो. वॉचमन म्हणाला, मागून जा. मी म्हणाले, "पुढून जातो." त्याने अडवलं नाही. माझ्या गळ्यात शाळेचं कार्ड होतं अजून. दोन्ही बाजूंना दिवे लावलेला रस्ता. उशिरा आलेले पाहुणे आत येत होते, आम्ही बारा जणी बाहेर चाललो होतो. लोक बाजूला झाले. हा कार्यक्रमाचाच भाग समजून दोघा-तिघांनी मोबाइल काढून फोटो घेतले. एका बाईने टाळ्या वाजवल्या.

रस्त्यावर टेम्पोची वाट बघत तासभर उभे होतो. जनी फूटपाथवर बसली. भागीबाई माझ्यापासून लांब उभी होती. टेम्पोचा उजेड दिसला तेव्हा जवळ आली.

"तू भ्यालीस त्याचं काय नाय. आमीबी भितो. मालकाला भितो, मुकादमाला भितो, गवतातल्या सापाला भितो. पन तू भ्यालीस आन आमाला पुढं केलंस."

ती टेम्पोत चढली.

सोमवारी मॅडम मऊ आवाजात म्हणाल्या की विश्वासाचा प्रश्न आहे, इतकी वर्षं तू लपवलंस. वर्ष संपताना माझं काम संपलं. स्टाफरूममधल्या कुणी फोन केला नाही. बागमालकाने निरोप पाठवला, रविवारी यायचं नाही. हे सगळं मी धरून चालले होते. पण त्याने मुकादमालाही सांगितलं की पुढच्या सालाला ही टोळी नको. ते मी धरलं नव्हतं. माझी नोकरी माझी होती. त्यांचं काम माझं नव्हतं, तरी माझ्यामुळे गेलं.

त्यांना पुढच्या हंगामात दुसरी बाग मिळाली, दिंडोरीच्या बाजूला. मला कुणी बोलावलं नाही. मी शोधत गेले. भागीबाई मांडवाखाली होती. हात वर. तिने माझ्याकडे पाहिलं, कात्री चालूच. सुट्टी झाल्यावर म्हणाली, "बस." मी बसले. बाया जमल्यावर मी आधी सगळं सांगितलं. पाडा, आई, आणि मी काय लपवलं, का लपवलं. आमच्या बोलीत सांगितलं. बोली गंजली होती. शब्द सापडत नव्हते. दोघी मध्येच उठून गेल्या. त्यांतली एक ती जनी, कडेवर पोर घेऊन. त्या दोघी अजून आलेल्या नाहीत. बाकीच्यांचे खांदे घेते मी दर रविवारी. नाचाला उभ्या राहतात तेव्हा भागीबाई मला रांगेत घेत नाही. मीही मागत नाही.

आता कुठेही काम सुरू करताना मी आधी सांगते की मी कोण. दर वेळी पोटऱ्या घट्ट होतात. वाटलं होतं, एकदा सांगितलं की सुटेल. सुटत नाही.

गॅदरिंगचे दिवस आले की शाळांचे फोन येतात. आदिवासी नाच बसवून द्याल का? मी म्हणते, नाही. आणि म्हणते, तुम्हीही बसवू नका, का ते सांगायला मी येते, तास द्या. बहुतेक फोन तिथेच बंद होतात. एका शाळेने तास दिला. गेले.

गेल्या आठवड्यात एका रिसॉर्टमधून फोन आला. द्राक्षाच्या हंगामात बाहेरगावचे पाहुणे येतात, त्यांच्यासाठी संध्याकाळी वीस बाया पाहिजेत. नाचायला आणि टोपल्या घेऊन फोटोला. मी नाही म्हणाले.

"तुम्ही नाही आणल्या तर दुसरं कुणीतरी आणेल," तो माणूस म्हणाला.

खरं होतं ते. कुणीतरी आणेल. माझ्यासारखंच कुणीतरी, हो म्हणून चहा पिऊन आलेलं.

"आणू द्या," मी म्हणाले. "मी येणार त्या दिवशी. पाहुण्यांसमोर उभी राहून सांगणार, या बाया कोण आहेत, सकाळपासून काय काम करून आल्यात, इथे त्यांना कुठे बसवलंय आणि कुठलं दार त्यांना बंद आहे. आणि त्या बायांना विचारणार, तुम्हाला नाचायचंय का. हो म्हणाल्या तर कडेला उभी राहीन. नाही म्हणाल्या तर त्यांच्याबरोबर बाहेर पडेन."

"धमकी देताय का?"

"कळवतेय."

त्याने फोन ठेवला. मी कार्यक्रमाचा दिवस शोधून काढला आहे. भागीबाईला सांगितलं. ती म्हणाली, "येकली जाशील?" मी म्हणाले, हो. येते म्हणाली नाही, जाऊ नको म्हणाली नाही.

मला गेटवर अडवतील. पोलीस बोलावतील कदाचित. ज्या बायांसाठी जाते आहे, त्याच म्हणतील, कोण ही, आमचं काम का घालवते. हे सगळं होऊ शकतं. मला भीती वाटते आहे. लिहिताना वाटते आहे.

मी जाणार आहे.